वॅट सर्वांत शेवटी वाचा: ऑफिस आणि दुकानाच्या एलईडी दिव्यांचं कोटेशन तपासण्याची रीत

कोटेशन हातात आलं की बहुतेक जण तीनच गोष्टी बघतात: किती वॅट, किती नग आणि एकूण रुपये. पुढच्या पानावर डेटाशीट असते. तिच्यावर लुमेन, लक्स, केल्विन, सीआरआय, पॉवर फॅक्टर, एल७० असे शब्द असतात आणि ते पान कुणी उलटत नाही. मग दिवे लागतात, बिल खरंच उतरतं, पण महिनाभरात तक्रारी सुरू होतात. कोपऱ्यातल्या टेबलावर अंधार, समोरच्याच्या डोळ्यांत झगझगाट, साडीचा रंग दुकानात एक आणि रस्त्यावर दुसरा. पावसाळ्यात चार ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारे आतले भाग, जळतात ते वेगळंच.

हे सगळं त्या न वाचलेल्या पानावर आधीच लिहिलेलं असतं. शब्द फार अवघड नाहीत, फक्त ते चुकीच्या क्रमाने वाचले जातात. आधी टेबलावर किती प्रकाश हवा ते ठरवायचं, मग दिवा किती प्रकाश देतो ते बघायचं, मग त्या प्रकाशाची जात, मग आतला ड्रायव्हर, मग कागदपत्रं. वॅट या सगळ्यातून आपोआप निघतो.

सोयीसाठी एकच खोली शेवटपर्यंत सोबत ठेवू: १२ मीटर लांब, ८ मीटर रुंद ऑफिस, फॉल्स सीलिंग २.७ मीटरवर, टेबलं पाऊण मीटर उंचीची. सध्या तिथे ३६ वॅटच्या दोन-दोन नळ्यांच्या जुन्या २४ फिटिंग आहेत, तांब्याच्या चोकसह. चोक धरून एक फिटिंग साधारण ९० वॅट खाते.

आधीची तयारी

विक्रेत्याला बोलावण्याआधी एका कागदावर या नोंदी करा.

प्रत्येक खोलीची लांबी, रुंदी आणि छताची उंची, मीटरमध्ये. छत आणि भिंतींचा रंग. कुठे काय काम चालतं: संगणक, हिशोबाच्या वह्या, मशीन, माल दाखवण्याचं काउंटर. दिवे रोज किती तास आणि वर्षात किती दिवस चालू असतात. शेवटचं वीजबिल, आणि त्यावर युनिट केडब्ल्यूएचमध्ये मोजलेत की केव्हीएएचमध्ये, ही नोंद. सध्याच्या फिटिंगची संख्या आणि प्रकार.

लक्समीटर विकत घ्या किंवा भाड्याने आणा. मोबाइलमधलं ॲप चालणार नाही. फोनचा सेन्सर त्या कामासाठी बनवलेला नसतो, आणि दोन फोन एकाच टेबलावर वेगवेगळे आकडे दाखवतात.

> सावधान: आपल्याकडे जागा चौरस फुटांत बोलली जाते, पण लक्स हा चौरस मीटरचा हिशोब आहे. १ चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट. आपली खोली ९६ चौरस मीटर, म्हणजे सुमारे १,०३३ चौरस फूट. पुढच्या सूत्रात चुकून फूट घातलेत तर दिवे दहापटीहून जास्त निघतील.

## टप्पा १: लक्स. टेबलावर किती प्रकाश हवा?

लुमेन आणि लक्स यांची गल्लत सर्वांत जास्त होते. नळातून मिनिटाला किती पाणी येतं ते लुमेन, आणि वाफ्यात प्रत्येक जागी किती पाणी पोहोचलं ते लक्स. दिव्यातून निघालेला एकूण प्रकाश लुमेनमध्ये मोजतात. एका चौरस मीटरवर एक लुमेन पडला की एक लक्स होतो. तुमचा माणूस लक्समध्ये काम करतो, विक्रेता लुमेन विकतो.

इमारतींच्या आतल्या प्रकाशयोजनेसाठी आय.एस. ३६४६ हे भारतीय मानक आहे. त्यात प्रत्येक जागेसाठी तीन आकड्यांची मालिका दिली आहे. सर्वसाधारण ऑफिससाठी ३००-५००-७५०, कॉरिडॉरसाठी ५०-१००-१५०, जिन्यासाठी १००-१५०-२००. एरवी मधला आकडा धरायचा. बारीक अक्षर, वयस्क कर्मचारी, किंवा चूक महागात पडेल असं काम असेल तर वरचा. जिथे कुणी क्वचितच जातं तिथे खालचा. आपल्या ऑफिसात हिशोबाचं काम चालतं, म्हणून ५०० धरू.

आता सध्याचा प्रकाश मोजा:

१. काळोख पडल्यावर मोजा, म्हणजे खिडकीतला उजेड हिशोबात येणार नाही.
२. दिवे लावून अर्धा तास थांबा.
३. मीटरचा सेन्सर टेबलाच्या उंचीवर आडवा ठेवा. हातात धरून छताकडे रोखू नका.
४. खोलीचे दोन-दोन मीटरचे चौकोन कल्पून प्रत्येकाच्या मध्यावर एक नोंद घ्या. तुमची सावली सेन्सरवर पडू देऊ नका.
५. सरासरी काढा आणि सर्वांत कमी आकडा वेगळा लिहा.

सर्वांत कमी आकड्याला सरासरीने भागलं की समानता कळते. सरासरी ५०० आणि कोपऱ्यात २०० असेल तर गुणोत्तर ०.४ आलं. त्या कोपऱ्यातला माणूस दिवसभर डोळे ताणतो आणि सरासरी मात्र कागदावर छान दिसते. कामाच्या जागेत ०.६ च्या खालची समानता मी मान्य करत नाही.

तपासणी: कोटेशनमध्ये खोलीगणिक लक्सचा आकडा लिहिलेला आहे का? नसेल तर ते कोटेशन प्रकाशाचं नाही, फक्त सामानाचं आहे. परत पाठवा.

## टप्पा २: लुमेन. पण कोणते लुमेन?

इथे सर्वांत जास्त पैसे वाया जातात, म्हणून थोडं थांबून वाचा.

एकाच दिव्याचे दोन लुमेन असतात. आतल्या एलईडी चिपमधून निघणारे, आणि डिफ्यूजर, म्हणजे प्रकाश पसरवणारं झाकण, ओलांडून फिटिंगच्या बाहेर पडणारे. वाटेत काही प्रकाश गिळला जातोच. दुधी डिफ्यूजर असेल तर १० ते २० टक्के सहज जातात. तुमच्या उपयोगाचे फक्त बाहेर पडणारे लुमेन. डेटाशीटवर नुसतं ‘लुमेन’ लिहिलं असेल तर विचारा: हे फिटिंगचे की चिपचे? उत्तर लेखी घ्या.

दिव्यांची संख्या काढण्याचं सूत्र असं आहे:

दिव्यांची संख्या = (हवे असलेले लक्स × क्षेत्रफळ) ÷ (एका फिटिंगचे लुमेन × उपयोग गुणांक × देखभाल गुणांक)

उपयोग गुणांक म्हणजे बाहेर पडलेल्या प्रकाशातला किती वाटा टेबलापर्यंत पोहोचतो. बाकीचा भिंतींनी आणि छताने शोषलेला असतो. खोली रुंद, बुटकी आणि पांढरी असेल तर हा आकडा चांगला येतो. अरुंद, उंच, गडद भिंतींच्या खोलीत तो घसरतो. देखभाल गुणांक म्हणजे धूळ बसून आणि दिवा जुना होऊन किती प्रकाश उरेल याचा अंदाज: स्वच्छ वातानुकूलित ऑफिसात ०.८, धुळीच्या शेडमध्ये ०.७, आणि पिठाच्या गिरणीत त्याहूनही कमी धरा.

आता चूक बघा. जुन्या नळ्यांच्या काळात सूत्रात नळीचे लुमेन घालत. फिटिंगच्या आत वाया जाणारा प्रकाश उपयोग गुणांकातच वजा केलेला असे, म्हणून तेव्हा ०.५ ते ०.६ धरायची पद्धत पडली. एलईडी पॅनलच्या डेटाशीटवर फिटिंगबाहेरचे लुमेन असतील, तर ती घट आधीच झालेली असते. तरी कित्येक जण सवयीने ०.६ च घालतात. एकच नुकसान दोनदा वजा होतं.

आपल्या खोलीत ३,६०० लुमेनचे टू बाय टू (दोन फूट बाय दोन फूट) पॅनल लावायचे असं धरू. हवे असलेले एकूण लुमेन ५०० × ९६ = ४८,०००.

जुन्या सवयीने: ४८,००० ÷ (३,६०० × ०.६ × ०.८) = २७.८, म्हणजे २८ पॅनल.

पांढऱ्या छताच्या, फिक्या भिंतींच्या या खोलीला ०.८५ चा गुणांक रास्त आहे: ४८,००० ÷ (३,६०० × ०.८५ × ०.८) = १९.६, म्हणजे २० पॅनल.

आठ पॅनल, त्यांची वायरिंग, मजुरी आणि पुढच्या दहा वर्षांची वीज, हे सगळं एका दशांश आकड्यापायी. उलट बाजूची चूकही होते. विक्रेत्याने चिपचे लुमेन दिले आणि तुम्ही ०.८५ धरलंत, तर प्रकाश कमी पडेल. म्हणून आधी ‘कोणते लुमेन’ हा प्रश्न, मग गुणांक.

मोठं काम असेल तर डायलक्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये आराखडा करून मागा. त्यासाठी त्या विशिष्ट फिटिंगची फोटोमेट्रिक फाइल लागते, जिला धंद्यात आय.ई.एस. फाइल म्हणतात. ‘तत्सम’ फिटिंगची फाइल वापरून काढलेलं रंगीत चित्र दिसायला देखणं असतं, पण ते तुमच्या खोलीचं नसतं.

तपासणी: २० पॅनल ५ × ४ च्या ओळींत बसवले तर एका बाजूने २.४ मीटर आणि दुसऱ्या बाजूने २ मीटर अंतर येतं. टेबलापासून पॅनलची उंची १.९५ मीटर आहे. दोन दिव्यांमधलं अंतर या उंचीच्या सव्वापटीच्या आसपास असेल तर प्रकाश एकसारखा पडतो. इथे २.४ ला १.९५ ने भागलं की १.२३ येतं, ठीक आहे. फॉल्स सीलिंगचं ग्रिड ६०० मिलिमीटरचं असल्यामुळे प्रत्यक्षात अंतर थोडं सरकेल. ते भिंतीच्या बाजूला सरकवा, टेबलांच्या मध्यावर अंधाराचा पट्टा सोडू नका.

## टप्पा ३: लुमेन प्रति वॅट आणि वॅट प्रति चौरस मीटर

आता वॅटकडे वळू. एक वॅट विजेतून किती लुमेन मिळाले तो आकडा म्हणजे दिव्याची कार्यक्षमता. हा एकटा आकडा ऊर्जाबचतीबद्दल वॅटपेक्षा जास्त सांगतो.

३,६०० लुमेनचं पॅनल १०० लुमेन प्रति वॅटचं असेल तर ३६ वॅट घेतं, १२० चं असेल तर ३० वॅट. टेबलावर दोन्हींचा उजेड अगदी सारखा. आपल्या २० पॅनलांचे ७२० वॅट किंवा ६०० वॅट. फरक १२० वॅट. रोज १० तास, वर्षाला ३०० दिवस धरले तर ३,००० तास, म्हणजे ३६० युनिट. युनिटला १२ रुपये धरले तर वर्षाला ४,३२० रुपये, एका पॅनलमागे २१६. महाग पॅनलसाठी नगामागे ४०० रुपये जास्त द्यावे लागले, तरी दोन वर्षांच्या आत ते वसूल होतात. तुमच्या बिलावरचा दर घालून हेच गणित स्वतः करा.

जुन्या २४ फिटिंग २,१६० वॅट घेत होत्या. त्या ६०० वर आल्या तर वर्षाला ४,६८० युनिट वाचतात. खोलीत एसी असेल तर त्यावरचा भारही हलका होतो, कारण दिव्याने घेतलेला प्रत्येक वॅट अखेर खोलीत उष्णता म्हणूनच उतरतो.

दुसरा शब्द एलपीडी, म्हणजे प्रकाशासाठी दर चौरस मीटरला किती वॅट. ६०० ÷ ९६ = ६.२५. ऊर्जा संवर्धन इमारत संहितेच्या, म्हणजे ईसीबीसीच्या २०१७ च्या आवृत्तीत कार्यालय इमारतीसाठी ९.५ वॅट प्रति चौरस मीटर ही मर्यादा होती, आणि त्यावरच्या ‘प्लस’ दर्जासाठी ७.६. ती संहिता १०० किलोवॅट जोडभाराच्या किंवा १२० केव्हीए करारभाराच्या पुढच्या व्यापारी इमारतींसाठी होती. तुमचं ऑफिस त्याहून लहान असलं तरी हा आकडा कसोटी म्हणून वापरा. ऑफिसला १० च्या वर एलपीडी निघाला, तर एक तर दिवे जास्त धरलेत किंवा दिवे कमी कार्यक्षम आहेत.

> सावधान: ‘सिस्टिम वॅट’ विचारा. काही जण फक्त चिपचे वॅट छापतात आणि ड्रायव्हरने खाल्लेले सोडून देतात. मीटर दोन्ही मोजतो.

## टप्पा ४: केल्विन आणि सीआरआय

केल्विन हा प्रकाशाच्या छटेचा आकडा. २,७०० ते ३,००० पिवळसर, ४,००० मधला, ६,५०० निळसर पांढरा. आपल्याकडे ६,५०० म्हणजेच ‘जास्त उजेड’ असा समज घट्ट बसला आहे. तसं नाही. उजेड लुमेन ठरवतात. दिवसभर बसण्याच्या ऑफिसला माझी निवड ४,००० असते. संध्याकाळी सहानंतर ६,५०० मध्ये बसलेल्या माणसांचे चेहरे बघा, कारण कळेल.

एकाच खोलीत दोन छटा मिसळू नका. ४,००० लिहिलेल्या दोन पॅनलांमध्येही एक गुलाबीसर आणि एक हिरवट दिसू शकतं. त्यासाठी डेटाशीटवर एसडीसीएम, म्हणजे नगानगांतल्या छटेच्या फरकाचा आकडा, बघा: ३ असेल तर डोळ्याला फरक सहसा जाणवत नाही. सगळा माल एकाच लॉटमधला मागा आणि दर वीस नगांमागे एक नग जास्तीचा घेऊन कपाटात ठेवा. दोन वर्षांनी तीच छटा बाजारात मिळेल याचा भरवसा नसतो.

सीआरआय म्हणजे त्या प्रकाशात रंग किती खरे दिसतात. कमाल १००. ऑफिसला ८० पुरतो. कापड, सोनं, भाजी, मासळी, रंगकाम, छपाई यांना ९० पाहिजे. पण एवढ्यावर थांबू नका. हा आकडा आठ फिक्या रंगांच्या चाचणीची सरासरी असतो आणि त्यात गडद लाल नसतो. गडद लालाचा आकडा वेगळा, त्याला आर९ म्हणतात. ८० सीआरआयच्या दिव्याचा आर९ शून्याच्या आसपास, कधी ऋणसुद्धा असू शकतो. अशा दिव्याखाली कुंकवासारखा लाल रंग मातकट दिसतो. लग्नाच्या साड्या विकणाऱ्या दुकानाने आर९ न विचारता दिवे घेणं म्हणजे आपल्याच मालावर धूळ टाकणं. ५० च्या वर मागा.

तपासणी: नमुन्याचा दिवा दुकानात लावा. एक लाल, एक जांभळी आणि एक मोरपंखी साडी त्याखाली बघा, मग तीच दाराबाहेर उन्हात बघा. ग्राहक नेमकं हेच करतो.

## टप्पा ५: झगझगाट आणि प्रकाशाचा कोन

यूजीआर हा डोळ्यांना होणाऱ्या त्रासाचा आकडा. जितका कमी तितका चांगला. ऑफिसला १९ किंवा कमी, बारीक आरेखनाच्या कामाला १६. लक्षात ठेवायची गोष्ट अशी की यूजीआर एकट्या दिव्याचा नसतो. तो खोली, दिव्यांची मांडणी आणि बसणाऱ्याची दिशा यांचा मिळून येतो. डेटाशीटवरचा आकडा एका ठराविक खोलीसाठी काढलेला असतो. स्वस्त दुधी पॅनल सरळ समोर बसणाऱ्याच्या डोळ्यांत चमकतं. प्रिझमच्या बारीक दाण्यांचा डिफ्यूजर प्रकाश खाली वळवतो.

स्पॉटलाइट आणि हाय-बे (उंच छतावरून टांगायचे दिवे) घेताना प्रकाशाचा कोन बघा. स्पॉटच्या डेटाशीटवर कॅन्डेला असतात, म्हणजे एका दिशेला प्रकाश किती तीव्र आहे तो आकडा. कॅन्डेलाला अंतराच्या वर्गाने भागलं की थेट खालचे लक्स मिळतात. २,००० कॅन्डेलाचा स्पॉट २ मीटरवर ५०० लक्स देतो, ३ मीटरवर फक्त २२२. शेडमध्ये ८ मीटरवर १२० अंशाचे हाय-बे टांगले की बराच प्रकाश भिंतींवर आणि पत्र्यावर जातो. तिथे ६० किंवा ९० अंशांचे दिवे तेवढ्याच वॅटमध्ये खाली जास्त उजेड देतात, फक्त दोन दिव्यांमधलं अंतर त्याप्रमाणे कमी ठेवावं लागतं.

## टप्पा ६: ड्रायव्हर. दिवा मरतो तो इथे

एलईडी चिप सहसा जळत नाही. तिला वीज पुरवणारा ड्रायव्हर आधी जातो. तरी कोटेशनमध्ये त्याबद्दल एक ओळ नसते. या गोष्टी लेखी मागा.

पॉवर फॅक्टर. दिव्याने ओढलेल्या व्होल्ट-अँपिअरपैकी (व्हीए) किती वॅट खरंच कामी आले ते गुणोत्तर. ०.९५ किंवा जास्त. आपले ६०० वॅटचे पॅनल ०.९५ ला सुमारे ६३२ व्हीए घेतात आणि २३० व्होल्टवर पावणेतीन अँपिअर ओढतात. ०.५ असेल तर १,२०० व्हीए आणि सव्वापाच अँपिअर. बिल केडब्ल्यूएचवर असेल तर हा फरक बिलात थेट दिसत नाही, केव्हीएएचवर असेल तर दिसतो. महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांना एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर बिल येतं.

> सावधान: दिव्यांमुळे पॉवर फॅक्टर घसरला की कपॅसिटर लावायला धावू नका. मोटारीचा घसरलेला पॉवर फॅक्टर कपॅसिटरने सुधारतो, कारण ती मागे पडणारी वीज ओढते. स्वस्त ड्रायव्हरमध्ये दोष विजेच्या लहरीचा आकार बिघडण्याचा असतो. कपॅसिटर तो दुरुस्त करत नाही, उलट हार्मोनिक्समुळे, म्हणजे बिघडलेल्या लहरीत मिसळलेल्या जास्त वेगाच्या लहरींमुळे, तोच तापतो.

टीएचडी. लहर किती बिघडली त्याची टक्केवारी. १५ टक्क्यांच्या आत मागा. तीन फेजांवर शेकडो दिवे असतील तर तिसऱ्या हार्मोनिकचा प्रवाह एकमेकांना खोडत नाही. तो न्यूट्रलमध्ये साठत जातो आणि बारीक न्यूट्रल गरम होते.

व्होल्टेजचा पल्ला आणि सर्ज (व्होल्टेजची क्षणिक मोठी उसळी). १४० ते २७० व्होल्ट किंवा अधिक रुंद पल्ला. ऑफिससाठी किमान २.५ ते ४ किलोव्होल्टचं सर्ज संरक्षण, उघड्यावरच्या दिव्यांसाठी १०. तालुक्याच्या गावात न्यूट्रल तुटून काही दिव्यांवर चारशेच्या आसपास व्होल्ट येण्याचे प्रकार घडतात. तिथे ४४० व्होल्ट सहन करणारा ड्रायव्हर मिळतो, तोच घ्या.

फ्लिकर. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून खराब ड्रायव्हरचा दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. डोळ्याला दिसत नाही, डोकं मात्र दुखतं. लेथ किंवा मिलिंग मशीनवर हा प्रश्न जिवाशी येतो, कारण फिरणारा चक थांबल्यासारखा भासू शकतो. ड्रायव्हर चिपच्याच पट्टीवर बसवलेल्या, बाजारात डीओबी म्हणून मिळणाऱ्या स्वस्त दिव्यांत फ्लिकर, पॉवर फॅक्टर आणि सर्ज तिन्हींची बोंब असते. मशीनवर ते लावू नका.

तपासणी: मोबाइलचा कॅमेरा स्लो मोशनवर ठेवून दिव्याकडे रोखा. पडद्यावर उजेड स्पष्ट धडधडताना दिसला तर तो नमुना बाद.

सेन्सर किंवा डिमर पुढे कधी लावायचा असेल तर ड्रायव्हर आत्ताच डिमेबल घ्या, आणि पद्धत कोणती ते लिहून घ्या: ०-१० व्होल्ट, डाली की फेज-कट. साध्या ड्रायव्हरवर डिमर जोडला की दिवा लुकलुकतो आणि लवकर मरतो.

## टप्पा ७: आयुष्य आणि कागद

‘५०,००० तास’ हा शब्द सगळ्यांच्या पुठ्ठ्यावर असतो. एल७० म्हणजे प्रकाश मूळच्या ७० टक्क्यांवर येईपर्यंतचे तास. दिवा बंद पडणं हा त्याचा अर्थ नाही, आणि ड्रायव्हर तेवढा टिकेल असंही त्यात कुठे म्हटलेलं नाही.

हा दावा चिपच्या एलएम-८० चाचणीवरून काढतात. चाचणी किमान ६,००० तासांची असते आणि तिच्यावरून पुढचा अंदाज टीएम-२१ पद्धतीने काढतात. त्या पद्धतीत चाचणीच्या तासांच्या सहापटीपलीकडे दावा करता येत नाही. अहवाल ६,००० तासांचा असेल तर कमाल ३६,०००. ५०,००० म्हणायचं असेल तर ८,३३३ तासांहून लांब चाचणी हवी. अहवाल मागा, तास वाचा आणि सहाने गुणा. एवढ्याने अर्धे दावे गळून पडतात.

पूर्ण फिटिंगच्या लुमेन, वॅट आणि रंगासाठी एलएम-७९ अहवाल असतो. भारतीय मानकांत एलएम-८० च्या जोडीला आय.एस. १६१०५ आणि एलएम-७९ च्या जोडीला आय.एस. १६१०६ आहे. अहवालावरचा मॉडेल क्रमांक आणि कोटेशनवरचा क्रमांक अक्षरशः जुळला पाहिजे. कुठल्या तापमानाला चाचणी झाली तेही बघा. विदर्भातल्या पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात छताजवळची हवा ५० अंशांच्या वर जाते. २५ अंशांच्या चाचणीवरची हमी तिथे फार कामाची नाही, ५० अंशांपर्यंत चालणारी फिटिंग घ्या.

एलईडी दिवे आणि ड्रायव्हर यांना बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे. वस्तूवर आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून कंपनीचं नाव आणि मॉडेल जुळतं का बघा. ही दोन मिनिटं न चुकता काढा.

आयपी क्रमांकाबद्दल थोडक्यात: पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. आतल्या ऑफिसला आयपी २० पुरतो. स्वयंपाकघर, धुण्याची जागा, धुळीची शेड आणि पोर्च यांना आयपी ६५.

वॉरंटीत तीन गोष्टी लेखी असू द्या: ड्रायव्हर धरून किती वर्षं, प्रकाश किती टक्क्यांनी उतरला तर बदलून देणार, आणि नग बदलण्याची मजुरी कुणाची.

## टप्पा ८: नमुना आणि जोडणी

सगळा माल मागवण्याआधी एका खोलीत किंवा एका ओळीत खऱ्या उंचीवर नमुने लावा आणि तीन संध्याकाळी तिथे बसणाऱ्यांना काम करू द्या. शोरूममधल्या काळ्या भिंतीवर दिवा बघून निर्णय घेऊ नका. मंजूर झालेला एक नमुना तारीख घालून, सही करून स्वतःकडे ठेवा. आलेला माल त्याच्याशी ताडून बघता येतो.

जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. त्याच्याशी या गोष्टी आधी बोला:

१. जुन्या पट्टीत एलईडी नळी बसवायची असेल तर नळीसोबतचा जोडणीचा नकाशा आधी वाचा. काही नळ्यांना फेज-न्यूट्रल एकाच टोकाला लागतं, काहींना दोन टोकांना. उलटसुलट झालं तर शॉर्ट होतो.
२. जुना चोक आणि स्टार्टर सर्किटमधून काढा. इलेक्ट्रॉनिक चोक तसाच ठेवला तर नळी जळू शकते, तांब्याचा चोक वाटेत राहिला तर वीज खात राहतो.
३. बदल केलेल्या फिटिंगवर ‘फक्त एलईडी नळी’ असं लिहून चिकटवा. पुढच्या वर्षी कुणीतरी त्यात जुनी नळी घालेल.
४. बटण फेजवरच असू द्या. न्यूट्रल तोडलं तर बंद केलेला दिवाही मंद मिणमिणतो.
५. ड्रायव्हर चालू होताना क्षणभर मोठा प्रवाह ओढतात. पावणेतीन अँपिअरचे २० पॅनल ६ अँपिअरच्या बी प्रकारच्या एमसीबीला पाडू शकतात. एका एमसीबीवर किती ड्रायव्हर चालतात ते ड्रायव्हरच्या डेटाशीटवर असतं. सी प्रकारचा एमसीबी घ्या किंवा दोन सर्किट करा.
६. खिडकीलगतची ओळ वेगळ्या बटणावर घ्या. यासाठी पैसे जवळजवळ लागत नाहीत, आणि दिवसा ती ओळ बंद ठेवता येते.
७. ड्रायव्हर थर्मोकोलच्या किंवा ग्लासवूलच्या खाली दाबू नका. त्याला हवा लागते.

## टप्पा ९: शेवटचा हप्ता देण्याआधीचं मोजमाप

टप्पा १ मध्ये जसं मोजलं तसंच पुन्हा मोजा: त्याच जागा, तोच मीटर, काळोखातच. आता बहुतेकांची शेवटची चूक इथे होते. मीटरवर ५०० दिसले की ते खूश होतात. पण आपण हिशोबात ०.८ चा देखभाल गुणांक धरला होता. म्हणजे दिवे नवे आणि स्वच्छ असताना ५०० ÷ ०.८ = ६२५ च्या आसपास आकडा यायला हवा. २० पॅनलांचा आपला हिशोब ६३७ पर्यंत जातो. आज ५०० च असेल तर काही वर्षांनी ४०० उरतील.

सोबत वॅट दाखवणाऱ्या क्लॅम्प मीटरने किंवा डीबीवरच्या (वीजवाटपाच्या पेटीवरच्या) मीटरवरून त्या सर्किटचे वॅट आणि पॉवर फॅक्टर बघा. ६०० च्या जागी ६९० निघाले तर डेटाशीटचे आकडे आणि फिटिंग वेगवेगळ्या आहेत.

मोजलेल्या आकड्यांचा कागद तारखेसह विक्रेत्याची सही घेऊन फाइलला लावा आणि तोच कागद घेऊन वर्षभराने, डिफ्यूजर ओल्या फडक्याने पुसून, त्याच जागांवर परत मोजा. वॉरंटीतल्या ‘प्रकाश इतके टक्के उतरला’ या अटीचा पुरावा म्हणून हा कागदच लागेल.